हात वर जातोय का?

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर आईने मला क्लिंग रॅपमध्ये गुंडाळलं. जुना टीशर्ट घालून, दोन्ही हात विमानासारखे पसरून मी खोलीच्या मधोमध उभी आणि आई माझ्याभोवती गोल गोल फिरतेय, वटपौर्णिमेला वडाभोवती फिरते तशी, फक्त हातात सुताऐवजी प्लास्टिकचा रोल. त्यावर मग खाकी टेप. टेपचे छोटे छोटे तुकडे लावायचे असतात, लांबलचक पट्टी ओढून लावली की अंग आवळलं जातं आणि माप चुकतं, हे मी तिला चारदा सांगितलं आणि चारही वेळा तिने "मला शिकवू नकोस, तुझी लंगोटं मी बांधलीयेत" असं उत्तर दिलं. एवढ्यात शेजारच्या काकू वाटी घेऊन विरजण मागायला आल्या आणि दारातच थबकल्या. "काय गं, हाड मोडलं का हिचं?" आई म्हणाली, "हाड कसलं, डोकं." आणि मला तसंच उभं ठेवून विरजण आणायला गेली.

तर सांगायचं असं की मी चिलखतं बनवते. फोमची. अंगावर घालायची, घालून फिरायचं, फोटो काढायचे, घरी येऊन हँगरला लावायची, बस. दिवसा मी अंधेरीच्या एका ऑफिसात बसून लोकांचे जीएसटी रिटर्न भरते आणि रात्री साडेनऊनंतर काळाचौकीच्या आमच्या चाळीतल्या खोलीत, आई सिरियल बघत असताना, दिवाणावर पेपर पसरून कटर चालवते. वय चौतीस. "लग्नाचं वय चाललं आणि पोरगी पुठ्ठे कापत बसलीये" असं मजल्यावर बोललं जातं हे मला माहितीये. ते पुठ्ठे नाहीयेत, एवढीच माझी तक्रार आहे.

ते ईव्हीए आहे. पूर्ण नाव इथिलीन व्हिनाइल अ‍ॅसिटेट, पण त्या नावाने त्याला कोणी हाक मारत नाही. तुमच्या घरात ते आत्ताही असणार, बाथरूमची स्लिपर, जिममधल्या एकमेकांत अडकणाऱ्या चटया, पोरांच्या शाळेच्या प्रोजेक्टच्या रंगीत शीट, बुटाच्या आतला मऊ तळ, सगळं तेच. आत बारीक बारीक बंद बुडबुडे, त्यात वायू कोंडलेला, म्हणून हलकं आणि म्हणूनच पाणी पीत नाही. गरम केलं की ढिलं पडतं, हवं तसं वाकवून थंड होईपर्यंत धरून ठेवलं की तसंच राहतं, आणि या एका गुणावर आमचं सगळं दुकान चालतं. युरोपातलं डोक्यापासून पायापर्यंतचं खरं पोलादी चिलखत साधारण १५ ते २५ किलोचं असायचं. माझं पहिलं मी खालच्या भाजीवाल्याच्या काट्यावर ठेवलं तर पट्टे-बक्कलांसकट दोन किलो शंभर ग्रॅम भरलं. भाजीवाला म्हणाला, "ताई, एवढ्यात तर तीन दिवसांची भाजी येते."

या सगळ्या प्रकाराला कॉसप्ले म्हणतात. शब्द जपानमध्ये १९८० च्या दशकात निघाला, वेड मात्र त्याच्या आधीचं. १९३९ साली न्यूयॉर्कला विज्ञानकथावाल्यांचं पहिलं जागतिक संमेलन भरलं, तिथे फॉरेस्ट अ‍ॅकरमन भविष्यकाळातला पोशाख घालून गेला आणि आजही पहिला म्हणून त्याचंच नाव घेतलं जातं. तो पोशाख बनवला होता त्याच्यासोबत आलेल्या मर्टल डग्लसने, स्वतःचा आणि त्याचाही. हे वाचून मला काही फार आश्चर्य वाटलं नाही. आमच्याकडेही आजोबा गिरणीतल्या हौशी नाटकात सरदार व्हायचे, त्यांच्या पुठ्ठ्याच्या ढालीवर बेगड चिकटवायला खळ शिजवायची आजी, आणि कौतुक मात्र आजोबांच्या आवाजाचं.

असो. गुंडाळण्याकडे परत येते.

टेप लावून झाला की त्यावर मार्करने रेघा मारायच्या. छातीच्या मधोमध एक, बगलेखालून एक, कमरेची एक, आणि प्रत्येक रेघेवर मध्ये मध्ये आडव्या खुणा, कारण एकदा का कापलं की कुठला तुकडा कुठे जुळायचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. मग आईने पाठीमागून कात्री चालवली, टीशर्टसकट (तो बिचारा गेलाच), आणि माझी एक पोकळ आवृत्ती लादीवर पडली. आम्ही दोघी जरा वेळ तिच्याकडे बघत राहिलो. आई म्हणाली, "हे तुझं पोट." मी म्हटलं, "हो, दिसतंय."

पण मला दिसलं ते वेगळंच. उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला बोटभर खाली. रेडीमेड कपड्यांच्या दुनियेत मी एल आणि एक्सएलच्या मध्ये कुठेतरी राहते, तिथे खांदे दोन्ही सारखेच असतात, आणि बारा वर्षं ऑफिसची बॅग एकाच खांद्याला लटकवून मी वाकडी झालेय हे मला त्या टेपच्या टरफलाने सांगितलं. व्हिडिओत सगळे म्हणतात अर्ध्या अंगाचं माप काढा आणि उलटं करून दुसरी बाजू कापा. मला ते चालणार नव्हतं, दोन्ही बाजू वेगळ्या कापाव्या लागल्या, म्हणजे काम दुप्पट.

हे सगळं दुसऱ्या चिलखताचं. पहिल्याच्या वेळी मापबीप काही घेतलं नव्हतं आणि त्याची जी काय शोभा झाली ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

पहिलं मी निव्वळ व्हिडिओ बघून केलं. व्हिडिओतले लोक अमेरिकेत गॅरेजमध्ये काम करतात. त्यांच्या गॅरेजमध्ये आमचा अख्खा मजला मावेल. ते म्हणाले १० एमएम, मी म्हटलं १० एमएम, आणि जाड म्हणजे मजबूत या हिशेबाने छाती, पाठ, खांदे, दंड, मांड्या सगळीकडे तोच जाड फोम लावला. कपाटाच्या आरशासमोर उभी राहिले तर काय सांगू, अंगावर काटा आला. नुसती उभी होते ना मी, तिथेच फसले.

कन्व्हेन्शन, म्हणजे आम्हा कॉसप्लेवाल्यांचं संमेलन, होतं गोरेगावला नेस्कोच्या प्रदर्शन हॉलमध्ये. सकाळी कॉटन ग्रीनवरून गोरेगावची हार्बर लोकल पकडली. मांड्या-पोटऱ्या पिशवीत गेल्या पण छाती आणि खांदे पिशवीत मावेनात, म्हणून ते अंगावरच चढवले आणि वरून ओढणी घेतली, जणू त्याने काही लपणार होतं. डब्यात गर्दी फार नव्हती. सवयीने हँडल पकडायला हात वर केला आणि हात खांद्याच्या रेषेपर्यंत जाऊन अडकला. पुढे जाईचना. खांद्याची वाटी मानेत घुसतेय, दंडाची नळी वाटीला धडकतेय, आणि छातीचा पत्रा बगलेत रुततोय. दुसरा हात करून बघितला, तेच. वडाळ्याच्या आधी गाडीने ब्रेक मारला आणि मी कपाट कलंडावं तशी अख्खीच्या अख्खी एका मावशींच्या अंगावर गेले. त्यांना लागलं नाही, फोमच तो, एवढा एक फायदा. "बस गं बाई, बस इथे," म्हणून त्यांनी जागा करून दिली, तर बसता येईना! बसलं की छातीचा पत्रा वर सरकून थेट हनुवटीखाली आणि मान कासवासारखी आत. गोरेगावपर्यंत मी दाराजवळच्या पार्टिशनला टेकून उभी, तिरकी, शिडी टेकवून ठेवतात तशी.

तिथे पोचल्यावर बाथरूमला जायचं म्हणजे मैत्रिणीला बोलवा, पाठीची सगळी बक्कलं सोडवा, नंतर परत लावा, अर्धा तास. पाणी प्यायचंच सोडून दिलं मी. आणि दुपारी दोनच्या सुमारास कोणीतरी फोटोसाठी "हात वर, हात वर!" म्हणालं, मी जोर लावला आणि डाव्या खांद्याचा जोड टर्रकन उकलला. नुसता उकलला नाही, साल निघावी तसा स्वच्छ सुटला. उरलेला दिवस तो खांदा मी पर्ससारखा काखेत मारून फिरले.

आठवडाभराने चपलेचा अंगठा तुटला म्हणून स्टेशनबाहेर गटई काकांच्या स्टॉलवर गेले. पिशवीत तो खांदा होता, का होता विचारू नका, मी तो ऑफिसलाही घेऊन जात होते, जेवणाच्या सुट्टीत काढून बघायचे, दुखऱ्या दाताला जीभ लावत राहतो तसं. काका चपलेला आरीने टाके घालत होते. मी सहज म्हणून खांदा पुढे केला, "काका, हे कशाने चिकटेल?"

त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याच्या नखाने दाबून बघितला, उकललेल्या कडेवरून बोट फिरवलं, नाकाजवळ नेला. "ईव्हीए आहे. सोल्युशन पावसात लावलं होतंत."

मी गार. जुलैमध्येच लावलं होतं, एका शनिवारी, बाहेर धो धो चालू असताना. हे सोल्युशन म्हणजे रबराचा कॉन्टॅक्ट गोंद, बूटवाले, सोफावाले, सनमायकावाले सगळे वापरतात. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा आणि मग थांबायचं, दहा-पंधरा मिनिटं, बोट लावल्यावर चिकट वाटतं पण बोटाला काही लागत नाही असं झालं की जोडायचं, आणि जोडलं की संपलं, परत हलवता येत नाही. एवढं मलाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की त्यातला पातळ द्रव उडून जाताना थराचा वरचा भाग गार पडतो, आणि आपल्या मुंबईच्या पावसाळी हवेत त्या गार थरावर दमटपणा येऊन बसतो, डोळ्याला दिसतही नाही इतकं पातळ दव. मग गोंद गोंदाला धरण्याऐवजी पाण्याला धरतो. काकांच्या भाषेत, "वरून सुकलं वाटतं, पण आत घाम असतो." पावसात ते स्वतः काय करतात विचारलं तर म्हणाले, बल्बजवळ धरतो.

मग त्यांनी खांदा उलटा केला आणि जे बोलले ते मी ऑफिसच्या पॅडवर लिहून भिंतीला लावलंय. "ताई, सोल्युशन चांगलं असतं तरी हे इथेच तुटलं असतं. चप्पल कधी टाचेला तुटलेली बघितलीत? पाय वळतो तिथेच तुटते. तुम्ही जोड बरोब्बर वळणावर दिलाय. जोड मागे घ्यायचा. वळणावर जोड देऊ नये."

त्यांनी रापी काढली, दगडावर दोनदा घासली, खांद्याची एक कड तिरकी छिलली, दुसरी उलट तिरकी, आणि एकमेकांवर ठेवून दाखवली. सरळ कापलेल्या कडा एकमेकींना नुसत्या टेकतात, तिरक्या कडांना धरायला जागा जास्त मिळते. आणि दर तीन-चार कापांनंतर ते पातं घासत होते. फोम दिसतो मऊ पण धार खातो, भयंकर खातो. मी एकच ब्लेड पंधरा दिवस वापरत होते आणि माझ्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या का येतात म्हणून व्हिडिओखाली प्रश्न विचारत होते, इंग्रजीतून, टेक्सासमधल्या माणसाला. काकांनी पैसे घेतले फक्त चपलेचे, तीस रुपये.

फोम कुठे मिळेल तेही त्यांनीच सांगितलं, कारण क्राफ्टच्या दुकानातल्या शीटला त्यांनी नाक मुरडलं होतं. ठक्कर बाप्पा कॉलनी, कुर्ला-चेंबूरच्या मधली, घरोघर चपला-बूट बनतात तिथे. एका दुकानात गेले, भिंतीला टेकवून शीटच शीट, दोन एमएमपासून पुढे, आणि प्रत्येक जाडीत परत कडक, मध्यम, नरम. दुकानदाराने विचारलं, "सोलला पाहिजे का इनसोलला?" मी म्हटलं, "छातीला." तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, "मग मध्यम घ्या." बरोबर सांगितलं हो त्याने. तो सोलवाला कडक फोम छातीसाठी फार ताठ आणि नरम फोम दोन वेळा घातला की माना टाकतो.

हे झाल्यावर मी एका शनिवारी म्युझियममध्ये गेले, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. शाळेच्या सहलीत गेलेलो तेव्हा ममीसारखं काहीतरी असेल म्हणून गेलो होतो आणि शस्त्रांच्या दालनातून पळत बाहेर आलो होतो. यावेळी तिथेच दीड तास. अकबराचं छातीचं कवच आहे तिथे, १५८१ सालचं. माझ्या शेजारी एक जोडपं त्यावरची नक्षी आणि अक्षरं बघत होतं आणि मी वाकून वाकून कडा बघत होते, त्यामुळे तिथला सिक्युरिटीवाला माझ्यावर नजर ठेवून. या धर्तीच्या कवचाला चार-आईना म्हणतात, चार आरसे. छातीला एक पत्रा, पाठीला एक, आणि दोन बगलांना दोन छोटे, वरून अर्धगोल कापलेले, हाताला जागा म्हणून. चारही एकमेकांना पट्ट्यांनी किंवा बिजागऱ्यांनी बांधलेले आणि खाली कड्यांच्या जाळीचं चिलखत. म्हणजे पत्रा फक्त तिथेच जिथे अंग वाकत नाही. जिथे वाकतं तिथे जाळी, नाहीतर मोकळं. युरोपवाल्यांनीही हेच केलं होतं, काखेत आणि गुडघ्यामागे पत्रा जाऊच शकत नाही तर तिथे कड्यांचे तुकडे लावायचे.

ट्रेनमध्ये येताना डोक्यात तेच चालू होतं आणि एकदम प्रतापगड आठवला. १० नोव्हेंबर १६५९. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं आणि टोपाखाली लोखंडी कवच, हे आपण चौथीत असल्यापासून घोकतोय, पण कधी डोक्यातच आलं नाही की त्या चिलखतात मिठी मारता येत होती. समोरून मिठी मारायची, वरून वार आला तर खाली वळायचं, हात फिरवायचा, आणि इतकं सगळं करताना अंगरख्याखाली काही आहे हे समोरच्याला दिसता कामा नये. माझ्या १० एमएमवाल्या चिलखतात मला साधं हँडल धरता आलं नव्हतं.

दुसरं चिलखत कशाचं करायचं हे ठरायला मात्र वेळ लागला. कुठल्या सिनेमातलं करायचं नव्हतं, तिथे मग लोक पट्टी घेऊन येतात, तुमचा हा कोन चुकलाय आणि तो रंग चुकलाय म्हणून. उत्तर घरापासून दोन किलोमीटरवर चिखलात उभं होतं. शिवडी जेट्टी. थंडीत तिथे रोहित पक्षी येतात, ओहोटीला चिखल उघडा पडला की हजारोंनी, आणि मागे तेलाच्या टाक्या, जहाजांचे सांगाडे आणि हे गुलाबी लोक मान खाली घालून आपलं खातायत. गुलाबी रंगसुद्धा त्यांच्या खाण्यातूनच येतो, शेवाळ आणि बारीक झिंग्यांमधून. आणि एक गोष्ट, त्यांच्या पायाच्या मध्यावर तो जो उलटा वाकणारा गुडघा दिसतो ना, तो गुडघा नाहीच. तो घोटा. खरा गुडघा वर पिसांमध्ये दडलेला असतो. हे कळल्यावर मी जेट्टीवर उभी राहून मोठ्याने हसले, कारण मीही तेच केलं होतं, वाकायची जागा भलतीकडेच धरून बसले होते.

मग रोहित पक्ष्याचं चिलखत. छाती-पाठ सहा एमएम, त्यावर दोन एमएमची पिसं. पिसं किती तर ३८४, एकेक कापलेलं, मधला दांडा गरम सुईने रेघ ओढून काढलेला. कोकणातल्या घरावर कौलं चढवतात तशी खालून वर लावत जायची, पहिली ओळ सगळ्यात खाली, म्हणजे वरच्या पिसाने खालच्याचा जोड झाकला जातो. इथपर्यंत सोपं होतं, कंटाळवाणं पण सोपं. खांद्याशी गाडी अडली.

आणि ती सुटली कोलंबीमुळे. आई ओट्यापाशी कोलंबी सोलत होती, मी शेजारी बसून मदत करतेय असं दाखवत होते, आणि हातात एक धरून उगाच वाकवत होते, सरळ, गोल, सरळ, गोल. एकावर एक कवची. वाकलं की पाठीवरच्या कवच्या एकमेकींखालून बाहेर सरकतात, सरळ केलं की परत आत. कुठेही एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, धरून ठेवलंय ते खालच्या मऊ कातड्याने. मी ती कोलंबी अशी दिव्यासमोर धरून बसलेली बघून आई म्हणाली, "खायची आहे ती, तिच्याशी गप्पा मारू नकोस."

त्या रात्री खांदा पाच तुकड्यांत कापला. पाच पट्ट्या, प्रत्येक वळवलेली, एकावर एक चढणारी, आणि एकही एकमेकींना चिकटवलेली नाही. आतून तीन इलॅस्टिकच्या पट्ट्या, प्रत्येक फोमची पट्टी त्या इलॅस्टिकला तेवढी धरलेली. वळण द्यायला हीट गन आणि आईची पितळेची कळशी. फोमवर गरम हवा फिरवत राहायचं, एका जागी थांबायचं नाही, मातकट दिसणारा पृष्ठभाग जरासा तुकतुकीत झाला की वरची भोकं बुजली समजायचं, लगेच उचलून कळशीच्या पोटावर दाबून धरायचं, मनात पन्नास अंक. जरा जास्त तापलं की फुगे येऊन आकसतं आणि ते परत नीट होत नाही, मी तसे सात तुकडे घालवले. हीट गन आणि इस्त्री एकदम लागली की खोलीचा फ्यूज जातो, एकदा सिरियलच्या ऐन लग्नात गेला, त्यानंतर दोन दिवस कळशी मिळाली नाही.

सोल्युशनचंही एकदा थोडक्यात निभावलं. तिन्हीसांजेला डबा उघडा, माझ्या हातात ब्रश, आणि आई देवापाशी निरांजन लावायला काडी ओढणार. मी इतक्या जोरात किंचाळले की समोरच्या खोलीतले दादा बनियनवर धावत आले. त्या डब्यातून जी वाफ निघते ती पेट घेते, आणि डोक्यातही जाते, साधा धुळीचा मास्क धूळ अडवतो, वाफ त्यातून आरामात आत येते, तिला कार्बनच्या डब्या लावलेला मास्क लागतो. आता डबा फक्त गॅलरीत उघडतो आणि दिवेलागणीला बंद म्हणजे बंद. गॅलरीत मी तो दोन डब्यांचा मास्क घालून बसलेली असते, खालची पोरं मला बेडूकताई म्हणतात.

रंगाचं फार सांगत नाही, त्यावर जगभर लोक भांडत असतात. मी पांढरा फेविकॉल पाण्यात पातळ करून पाच हात देते, नाहीतर फोम रंग पीतच राहतो. मग काळा, त्यावर गडद गुलाबी, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट गुलाबी नुसता घासायचा की पिसांच्या कडा उठतात. शेवटी पाणीदार काळा सगळीकडे फासून लगेच फडक्याने पुसून घ्यायचा, खाचांमध्ये तेवढा राहतो आणि काल बनवलेली वस्तू दहा वर्षं वापरल्यासारखी दिसते. जिथे वाकतं तिथे रंग दिलाच नाही, गुलाबी कापड लावलं. रंगही वळणावरच तडकतो ना.

मग रोज रात्री ट्रायल. आई सिरियलमधून नजर न काढता विचारायची, "हात वर जातोय का?" सुरुवातीला जात नव्हता. बगलेचा कट आणखी अर्धा इंच खाली घेतला. मग गेला पण परत खाली येताना वरची पट्टी मानेला अडकायची, तिचं इलॅस्टिक बदललं. मग उजवा गेला आणि डावा गेला नाही, कारण बोटभर फरक, विसरलेच होते. बारा-तेरा दिवस हेच. एका रात्री मी माळ्यावरचा लाडवांचा डबा चिलखत घालून काढला आणि काही न बोलता आईपुढे ठेवला. तिने टीव्ही म्यूट केला. "बसून दाखव," म्हणाली. बसले. मांडी घालून, लादीवर. तिने एक लाडू मला दिला आणि टीव्हीचा आवाज परत चालू केला.

यावर्षी कन्व्हेन्शनच्या दिवशी परत तीच गोरेगाव गाडी. खांदे अंगावरच, या वेळी ओढणीबिढणी काही नाही. समोर एक कोळीण मावशी बसल्या होत्या, नऊवारी, नाकात नथ, माझ्याकडे एकटक बघत होत्या. माहीम जवळ आलं तशा उठल्या, वरच्या रॅककडे बघितलं, मग माझ्याकडे. "गो बाय, ती पिवली पिशवी दे गो जरा."

मी हात वर केला. पाच पट्ट्या सर्रकन एकमेकींखाली सरकल्या, पिशवी आली, हात खाली, पट्ट्या जागच्या जागी. मावशींनी पिशवी घेतली, पण दाराकडे जायच्या ऐवजी माझ्या खांद्यावर एक बोट ठेवलं आणि सगळ्यात वरची पट्टी हळूच खाली ओढून सोडली. ती परत जागेवर गेली. त्यांनी अजून एकदा ओढून बघितली.

"शेवंड झालीस काय गो?" शेवंड म्हणजे लॉबस्टर.

"रोहित पक्षी आहे मावशी. शिवडीचे ते, गुलाबी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत परत एकदा नीट बघितलं, ३८४ पिसांसकट.

"नाय गो," त्या म्हणाल्या, "शेवंडच." आणि माहीमला उतरून गेल्या.